आईची उजवी मूठ

वारा फिरला की आमच्या मुरबे गावात ते कुणाला सांगावं लागत नाही. पावसाळाभर समुद्राकडून येणारा जड, ओला वारा एका सकाळी थांबतो आणि उलट्या बाजूनं, जमिनीवरून, कोरडा गारवा येतो. ओठ फुटायला लागतात. अंगणातल्या जाळ्यांवरचं मीठ हाताला खरखरीत लागतं. मग आठवड्याभरात किनाऱ्यावर बोंबील वाळायला लागतात आणि त्यांचा वास माझ्या ओढणीत शिरून माझ्याबरोबर होडीनं खाडी ओलांडतो, सातपाटीहून एसटीत चढतो आणि पालघरच्या कॉलेजात तिसऱ्या बाकावर येऊन बसतो. पहिल्या वर्षाला असताना मला त्याची फार लाज वाटायची. आता वाटत नाही असं लिहिलं तर खोटं होईल, पण कमी वाटते. यंदा मात्र नुसता वारा फिरला, वास अजून यायचाच होता, आणि मला चीड आली. कारण गेल्या वर्षीचा अख्खा हिवाळा त्या वाऱ्याबरोबर परत आला.

गेला हिवाळा मी आईच्या उजव्या हाताकडे बघत घालवला. बरं होण्याच्या गोष्टी मीही वाचल्या आहेत. त्यांत एक दिवस येतो, माणूस खुर्चीतून उठतो, घरातले रडतात, सगळं संपतं. आमच्याकडे तसा दिवस आला नाही. निदान मी ज्याची वाट बघत होते तो आला नाही. त्यामुळे हे कुठून सुरू करावं हे मला नीट कळत नाहीये. हातापासूनच करते.

बोंबील वाळवायचं काम लांबून सोपं दिसतं. वाळूत बांबू रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या. याला आम्ही वलांडी म्हणतो. सगळ्यात खालची दोरीसुद्धा उभ्या बाईच्या छातीइतकी उंच असते, कारण त्याखाली कुत्री पोचतात आणि वाळू उडते. मग दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या अंगाला, एक त्या अंगाला. ताजा बोंबील म्हणजे निम्मं पाणी. धरला की घसरतो, जास्त धरला की चेपतो. दात बारीक आणि सुईसारखे. एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं अडकवायचं. आई हे बोलता बोलता करायची, समोर न बघता, कुणाच्या तरी सुनेची नक्कल करत. तिच्या जोडीतला एकही बोंबील कधी वाऱ्यानं खाली पडला नाही, असं शेजारची हिराकाकू सांगते. हिराकाकू आणि आई लग्न होऊन एकाच वर्षी या गावात आल्या आणि तेव्हापासून शेजारशेजारच्या दोऱ्यांवर बोंबील टाकतात. मला ते काम आईनं कधी नीट शिकू दिलं नाही. मी टोपलीला हात लावला की म्हणायची, "तुझे हात पुस्तकाला ठेव."

त्याच कामात तिचा हात पहिल्यांदा चुकला. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात, सकाळी, माझ्यासमोर. एक बोंबील हातातून पडला. तिनं उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा ती हसली, "थंडीनं बोटं मेली गो." हसताना तिचं तोंड एका बाजूला गेलं. मी ते पाहिलं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, मेंदूचं चित्र काढून त्याला नावं दिली होती, आणि मी ते पाहिलं.

बायका जमल्या. "वारं गेलं अंगावरनं," असं ठरलं. आतल्या गावात एक म्हातारा लकव्यावर पारव्याचं रक्त चोळतो. त्याच्याकडे रिक्षा निघाली. मी म्हणाले, "डॉक्टरकडे नेऊया का?" पण ते मी इतकं हळू म्हणाले की रिक्षाच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. दोन दिवसांत तोंड सरळ झालं, हाताला जीव आला. म्हाताऱ्याला नारळ दिला. आई परत कामाला लागली. बाराव्या दिवशी ती चुलीसमोर बसल्या जागी कलंडली.

मला पुष्कळ लोक सांगतात की तेव्हा नेलं असतं तरी काय झालं असतं कुणास ठाऊक. मी मान हलवते. त्या बारा दिवसांत मी दोन प्रॅक्टिकलची जर्नलं पूर्ण केली.

बाबा तेव्हा समुद्रात होते. ते दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत, गेले की सहा-सात दिवस येत नाहीत. वापीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात हिराकाकू आणि मी आईला घेऊन गेलो. तिथं डॉक्टर म्हणाले की मेंदूला सूज आहे, डोक्यात जागा करावी लागेल, कवटीचा एक तुकडा काढून ठेवू, सूज उतरली की परत बसवू. फॉर्म इंग्रजीत होता. आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. हिराकाकू म्हणाली, "वाच, काय लिवलंय?" मी वाचलं. मृत्यू हा शब्द तीन ठिकाणी होता. मी काकूला म्हणाले, "ऑपरेशन करू देतो असं लिहिलंय," आणि सही केली. माझी सही तेव्हा नवीनच होती, कॉलेजच्या ओळखपत्रासाठी बनवलेली, खाली रेघ ओढलेली. ती रेघसुद्धा मी ओढली.

तो हाडाचा तुकडा त्यांनी आईच्या पोटाच्या कातडीखाली ठेवला. तिथं तो सुरक्षित राहतो म्हणाले. बाबा आले, त्यांना मी समजावून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग तिला भूक लागंल काय?" तीन महिने आईच्या डोक्याच्या डाव्या बाजूला खळगा होता आणि पोटावर एक उंचवटा. ती डाव्या हातानं तो उंचवटा चाचपत राहायची, कुणीतरी तिच्याकडे काहीतरी ठेवायला दिलंय आणि ते सांभाळायचंय अशी. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये तो तुकडा जागेवर गेला. त्यानंतरही कित्येक दिवस तिचा हात पोटावर जायचा.

त्या काळात तिच्याजवळ एकच शब्द उरला होता. नको. चहा नको, पाणी नको, मी नको. चहाकडे हात पुढे करून ती "नको" म्हणायची आणि कप काढून घेतला की रडायची. तिला "हवा" म्हणायचंय हे समजायला आम्हाला पंधरा दिवस लागले. हळूहळू शब्द वाढले.

हळूहळू. हा शब्द मी खरं तर लिहिणार नव्हते. गेल्या वर्षी मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल तर या शब्दाची. बघायला येणारी प्रत्येक बाई खाटेच्या टोकाला बसायची, आईचा हात हातात घ्यायची, नेमका उजवा, आणि म्हणायची, "होईल हो हळूहळू." मग आपापलं औषध. एकीनं सांगितलं चिंबोरीचा रस्सा. एकीनं डहाणूच्या देवीला नवस बोलायला सांगितलं. एकीनं तेल आणलं, त्याला असा वास होता की मांजर घर सोडून गेलं. आणि निघताना माझ्याकडे बघून, "तू शिकलेली हायस, तुला म्हायती." मला काहीच माहीत नव्हतं. मला फक्त एवढं माहीत होतं की हॉस्पिटल सोडताना डॉक्टर म्हणाले होते, पहिलं वर्ष महत्त्वाचं. जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं, नंतर वेग कमी होतो. ते सहज म्हणाले असतील. मी ते मनात कोरून घेतलं. पाय फरफटत का होईना चालू लागला होता. तोंडात शब्द येत होते. उजवा हात तेवढा राहिला होता. तो छातीशी दुमडलेला, मूठ घट्ट मिटलेली, अंगठा आत. वर्ष भरायच्या आत ती मूठ उघडायला हवी होती. बस.

आठवड्यातून दोनदा आम्ही बोईसरला फिजिओथेरपीला जायचो. स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर एक खोली. तिथं कारखान्यांतले कामगार असायचे, कुणाचं बोट यंत्रात गेलेलं, कुणाची पाठ धरलेली. सर तरुण होते, बिहारकडचे, बोलायचे हिंदीत. "माताजी, मुट्ठी खोलिए. शाबाश. और थोड़ा." आई त्यांच्याकडे बघून गोड हसायची आणि काही करायची नाही. सर मला सांगायचे, "दीदी, मुट्ठी कसने मत देना. जितना कसेगी, उतनी जाम होगी." मी सगळं वहीत लिहून घ्यायचे. गरम पाण्यात हात. एकेक बोट सरळ. स्पंज. ताटलीतून राजम्याचे दाणे उचलून वाटीत.

त्या राजम्याचं काय झालं ते सांगते. पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, दुपारी मी आईसमोर ताटली ठेवायचे. ती ताटलीकडे बघायची, मग माझ्याकडे. "उचल ना आई. एक तरी." तिची मूठ ताटलीवर यायची, दाण्यांना घासायची, दाणे सरकायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं डाव्या हातानं ताटली उचलली आणि सरळ अंगणात भिरकावली. कोंबड्या धावल्या. "खा," ती कोंबड्यांना म्हणाली. स्पष्ट शब्द होता. एरवी मी तो वहीत लिहिला असता. मी रागारागानं दाणे वेचत बसले.

आरशाचाही एक उपाय होता. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, डावा हात हलवायचा, आरशात तो उजवा दिसतो, मेंदूला वाटतं उजवा हलतोय. मी कपाटाचा आरसा काढला. आईनं एकदा त्यात पाहिलं. आरशातला उजवा हात बोटं उघडत होता, मिटत होता. तिनं मागे वाकून खऱ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "खोटं." परत बसली नाही.

बाबा तिच्या ब्लाऊजची बटणं लावायचे, मासा सोडवून तिच्या ताटात ठेवायचे. मी ओरडायचे, "तिला करू द्या! तुम्ही केलंत तर हात कसा सुटेल?" बाबा म्हणायचे, "जेवू दे ग तिला. थंड होतंय." मला वाटायचं, या घरात तिचा हात फक्त मलाच हवाय. तिलासुद्धा नको आहे.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार मी चार दिवस करतेय. मोबाईलवर मी पाहिलं होतं की चांगला हात बांधून ठेवला तर वाईट हाताला काम करावंच लागतं. त्यात काय काय अटी आहेत, कुणाला चालतं, कुणाला नाही, तेही सांगत असतील. मी तेवढं पाहिलं नाही. दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी माझ्या ओढणीनं आईचा डावा हात खुर्चीला बांधला. घट्ट नाही. पण बांधला. तिला वाटलं काहीतरी वेगळा व्यायाम असेल. मी समोर स्पंज ठेवला आणि म्हणाले, "आता उजव्यानं." एक माशी आली आणि तिच्या ओठाजवळ बसली. तिनं डावा हात उचलायला पाहिला, ओढणी ताणली गेली. उजवी मूठ छातीवरून जेमतेम हलली. तिनं तोंड हलवलं, माशी उडाली, परत बसली. "सोड," ती म्हणाली. मी म्हणाले, "दहाच मिनिटं, आई." तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मला ओळखू पाहत होती, बस एवढंच. मी सोडलं. पण लगेच नाही सोडलं. माशी तिसऱ्यांदा बसल्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवसापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. आधीच तिच्याकडे शब्द थोडे, त्यामुळे ती बोलत नाहीये हे इतर कुणाला कळलंही नाही.

त्याच आठवड्यात मी कॉलेजातून आले तर घर उघडं, खाट रिकामी, तिची चार पायांची काठी नाही. आधी विहिरीकडे धावले. मग किनाऱ्याकडे. वलांडीच्या वाळूत चपला रुततात म्हणून त्या हातात घेऊन धावले आणि लांबूनच मला तिचा निळा स्वेटर दिसला. हिराकाकूच्या दोरीखाली, बर्फाच्या पालथ्या क्रेटवर, आई बसली होती. समोर टोपली. मांडीवर गोणपाट. आणि ती बोंबील जोडत होती.

कशी, ते मला आधी कळलंच नाही. मग दिसलं. डाव्या हातानं ती एक बोंबील उचलायची, उजव्या मुठीच्या वरच्या फटीत त्याची शेपटी खुपसायची, खोलवर, अंगठ्याच्या बाजूनं. मूठ ती शेपटी धरून ठेवायची. बोंबलाचं डोकं वर, तोंड उघडं. मग डाव्या हातानं दुसरा बोंबील घेऊन जबड्यात जबडा अडकवायचा. अडकला की जोडी ओढून काढायची आणि शेजारच्या टोपलीत टाकायची. दोरीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता. काकू येता-जाता तिच्या जोड्या उचलून दोरीवर टाकत होती. जी मूठ मी वर्षभर एकेक बोट करून उघडत होते, तिला आईनं पकड करून टाकलं होतं. प्रत्येक शेपटीबरोबर मूठ आणखी आवळत होती. मला दिसत होती ती, नखांपाशी पांढरी पडलेली.

"आई! सरांनी काय सांगितलंय? मूठ आवळायची नाही! सगळं वाया घालवतेस तू!"

आजूबाजूच्या बायका थांबल्या. हिराकाकूनं कमरेवर हात ठेवले. "ओरडतेस कोनावर? मीच आनली तिला. घरात कोंबडीसारखी कोंडून ठेवलीस ती."

"काकू, तुम्हाला कळत नाही. तो हात जाम होईल कायमचा."

"बरं, आमाला नाय कळत," काकू म्हणाली. "तुला कळतंय तर दोन जोड्या टाक बगू. गाडा भरून माल आलाय."

एक बाई हसली. काकूनं आईच्या टोपलीतली एक जोडी उचलून सगळ्यांना दाखवली. मुठीत धरलेल्या बोंबलाची शेपटी चेपून चपटी झाली होती. "ही बगा. गिऱ्हाईक विचारील, बोंबलाला पन झटका आला काय?"

मला वाटलं आई रडेल. आई हसली. तोंड जरा वाकडं, पण आवाज करून हसली, गळ्यातून, पूर्वीसारखी. हॉस्पिटलपासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. आणि मला, खरं सांगायचं तर, त्याचाही राग आला. माझ्यासमोर वर्षभर ती तशी हसली नव्हती.

मी तिच्यासमोर वाळूत बसले आणि तिची मूठ धरली. "आई, ही उघडायचीय आपल्याला. थोडे दिवस राहिलेत."

ती बराच वेळ शब्द शोधत राहिली. अशा वेळी मध्येच शब्द पुरवायची सवय होती मला, पण त्या दिवशी पुरवला नाही. "उघडत नाय," ती म्हणाली. मग पुन्हा थांबली. हनुवटीनं मुठीकडे दाखवलं. "पन धरते."

आणि तिनं माझ्या हातातून मूठ सोडवून घेतली, पुढच्या शेपटीसाठी.

पुढच्या खेपेला मी सरांकडे चक्क चुगली केली. सगळं सांगितलं, क्रेट, मूठ, शेपट्या. मला वाटलं ते आईला रागावतील आणि हा प्रश्न मिटेल. त्यांनी आईला विचारलं, "कितनी देर बैठती हैं माताजी?" आईनं डावा हात हलवला, पुष्कळ. त्यांनी तिला बाकावर आधाराशिवाय बसवलं, डावीकडे वाकायला लावलं, उजवीकडे लावलं. ती पडली नाही. "बैलेंस तो बहुत अच्छा हुआ है," ते म्हणाले. मी विचारलं, "और हाथ?" ते म्हणाले, "हाथ के लिए अच्छा नहीं है. टाइट होगा." "तो बंद करवा दूँ?" त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "वो आप लोग तय करो, दीदी." मला एवढा संताप आला. इतक्या खेपा, इतकी वही भरली, आणि शेवटी आप लोग तय करो. येताना रिक्षात आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. कारखान्यांच्या बाजूनं येणारा तो आंबूस वास, समोर कामावरून सुटलेल्या मुलांची हिंदीतली मस्करी, आणि मांडीवर तिची मूठ. मी ती उघडायचा प्रयत्न केला. झोपेत ती थोडी सैल असते. तळहात आतून मऊ, पांढरा होता, पावसात भिजलेल्या कागदासारखा, आणि त्याला बोंबलाचा वास होता.

तडजोड अशी झाली. सकाळी ती किनाऱ्यावर जाणार, संध्याकाळी मी सगळी बोटं गरम पाण्यात सोडवणार. आम्ही दोघी एकाच हातावर काम करत होतो, ती दिवसा एका बाजूला, मी संध्याकाळी दुसऱ्या. मी जेवढं उघडायचे तेवढं ती दुसऱ्या दिवशी मिटवून आणायची. हे लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. वाफेत वाकून मी तिचा अंगठा मुठीतून बाहेर काढायचे आणि ती मला दिवसभराच्या बातम्या सांगायची, अर्ध्या शब्दांत. कुणाची बोट आली. कुणाच्या दोरीवर कावळे बसले. कोण कुणाशी भांडलं. शब्द वाढत होते. मी ऐकत नव्हते, मी अंगठ्याकडे बघत होते. तिचं बोलणं सगळ्यात जास्त त्या दीड महिन्यात परत आलं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. माझ्या वहीत त्याची एक ओळही नाही.

वर्ष भरलं त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. पिपेट धरलेल्या माझ्या उजव्या हाताकडे मी बघत राहिले. बोटानं वरचं टोक मिटायचं, द्रव धरून ठेवायचा, बोट सोडायचं, थेंब पडतो. मॅडम म्हणाल्या, "लक्ष कुठंय?" मी म्हणाले, "सॉरी मॅडम." घरी आले तेव्हा मला काय अपेक्षा होती देव जाणे. आई ओसरीवर बसून डाव्या हातानं चहा पीत होती. मूठ मांडीवर. मिटलेली. मी वही कपाटावर टाकली आणि मागच्या दारी जाऊन रडले. ते दुःखाचं रडणं नव्हतं. एस.टी. चुकल्यावर येतं तसलं, हातपाय आपटायला लावणारं रडणं. डॉक्टरांवर, सरांवर, त्या म्हाताऱ्यावर, रिक्षात हळू बोललेल्या माझ्यावर, आणि सगळ्यात जास्त तिच्यावर. तिनं प्रयत्न केला नाही असं मला वाटत होतं. अजूनही कधी कधी वाटतं. आणि मग असंही वाटतं की मी कोण ठरवणारी, कशाला प्रयत्न म्हणायचं ते.

होळीनंतर हंगाम ओसरला. पावसाळा गेला. मी तिसऱ्या वर्षाला आले. बोईसरच्या खेपा आता महिन्यातून एक. सर म्हणतात हात आहे तसा आहे. लोक अजून येतात आणि तेच "हळूहळू" म्हणतात, फक्त आता बसत नाहीत, दारातून म्हणतात. मी "हो ना" म्हणते.

परवा रविवारी यंदाच्या वलांड्या उभ्या राहत होत्या. आमच्या आळीचे खांब दामूदादा रोवतो. खड्डे झाले, दरवर्षीचेच बांबू उभे राहिले, दोऱ्यांची भेंडोळी वाळूत पडली होती. आई काठी टेकत माझ्याबरोबर आली. सकाळपासून ती एकच वाक्य घोळवत होती, चहाच्या वेळी, आंघोळीच्या वेळी, आणि तिथं पोचल्यावर तिनं ते दादाला सांगितलं. "माझी दोरी खाली."

दादाला कळलं नाही. मी सांगितलं, "तिला बसून हात पोचेल एवढी खाली दोरी हवीय. स्वतःच्या जोड्या स्वतः टाकायच्यात तिला."

"बसून?" दादानं डोकं खाजवलं. "वयनी, कुत्री खातील. वाळू लागंल मालाला."

"हाकलीन," आई म्हणाली. काठी थोडी उचलून दाखवली. तोल जरा गेला, मी धरलं नाही, तिनं सावरला.

हिराकाकू पलीकडून ओरडली, "बांद रे बांद! माझा तरी एक फेरा वाचंल."

दादा हसला. कोयता हातात घेऊन तो दोरी बसवायची खाच पाडायला खांबाशी वाकला, मग थांबला आणि हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल अशा, म्हणाला, "खाच नाय पाडत. नुसती गाठ मारून देतो, यंदापुरती. फुडच्या वर्षी तुजी आई उभी ऱ्हाईल, हात पन सुटंल हळूहळू. मंग उगाच बांबू कापल्यासारका व्हायचा. काय?"

तो चांगल्या मनानं बोलत होता. सगळेच चांगल्या मनानं बोलतात. "हो ना" हे शब्द माझ्या तोंडात तयारच होते. दोन वर्षं तयार होते. मी आईकडे पाहिलं. ती क्रेटवर बसली होती, दोरीचा पीळ बोटांत घेऊन तपासत होती, डाव्या हाताच्या, आणि आम्ही काय बोलतोय त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. किंवा होतं.

"नाही दादा," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. काकूनं वळून पाहिलं. "खाच पाडा. ती दरवर्षी इथंच बसणार आहे."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. "किती खाली पाडू?"

मी सांगायला तोंड उघडलं. पण आईनं क्रेट थोडा पुढे सरकवला. डाव्या हातानं आपला उजवा हात कोपरापाशी धरून उचलला, पुढे नेला आणि ती मिटलेली मूठ बांबूवर टेकवली.

"इथं," ती म्हणाली.